आईचा पाव भाग

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी चकती आहे. कापडे गावाजवळच्या एका वाडीतल्या शाळेत माझी सगळी हयात गेली. धोंडू सुताराने मला भाकरीसारखी गोल घडवली आणि माझे चार सारखे तुकडे केले. अपूर्णांक मुलांच्या हाताला कळावेत, अशी तिथल्या शिक्षिका अनुपमाबाईंची इच्छा होती.

तिसरीतली अक्षदा पाव भाग लिहिताना नेहमी चार वर आणि एक खाली लिहायची. बाई माझे तुकडे तिच्यापुढे मांडत. "भाकरीचे भाग किती केले ते खाली, आपण किती घेतले ते वर."

एके दिवशी तिला ते उमगलं. "बाई, आमच्या घरात मी, ओंकार, आय नि बाबा. म्हंजे परतेकाला पाव!" तिने टाळ्या वाजवल्या. मलाही धन्य वाटलं.

त्याच पावसाळ्यात भाताच्या लावणीत तिच्या आईला साप चावला. महाडला नेईपर्यंत ती गेली.

अक्षदा पुन्हा शाळेत आली, त्या दिवशी बाई नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "घरात जितकी माणसं, तितके भाकरीचे भाग. एकाला किती, ते लिहा." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण अक्षदाने लिहिलं होतं, वर एक, खाली चार.

शेजारचा विनीत म्हणाला, "बाई, हिचं चुकलं. आता तिघंच हायत."

अक्षदाने माझा एक तुकडा छातीशी धरला. "हा आयचा हाय. हा काढला तर भाकरी पुरी कशी व्हईल?"

बाईंनी तिच्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली. मग तिला जवळ घेतलं.

दिवाळीनंतर वडिलांनी तिला मुंबईला आत्याकडे धाडलं. दोन पोरं त्यांना एकट्याला सांभाळवेनात. जाताना तिने तो तुकडा दप्तरात टाकला. बाईंनी पाहिलं, पण अडवलं नाही.

पुढे बाईंची बदली झाली. भिंतीवर धडे दाखवणारा पडदा आला, मी कपाटात गेले. आता मला वाळवी लागली आहे. त्याचं दुःख नाही. तिकडे अक्षदाला कोण समजून घेत असेल, एवढीच काळजी पोखरते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात गावाकडची एखादी नवी मुलगी आली आणि तिचं गणित चुकलेलं दिसलं, तर हसू नका. तिच्याजवळ बसा. "तू असं का लिहिलंस गो?" एवढं आधी विचारा.