माझ्यात नसलेला अर्थ

मी रसायनशास्त्राचा शब्दकोश बोलतोय. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचा. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटायचं, जगातले सगळे अर्थ माझ्याच पोटात आहेत!

मला विकत घेतलं पेटंटचे अनुवाद करणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत, कारण एका स्वल्पविरामासाठी ते अर्धा दिवस वाद घालायचे. त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली काम शिकत होती. समोरासमोर दोन टेबलं, मधे मी. दोघांचे हात एकदमच माझ्यावर पडायचे. काय दिवस होते ते!

एकदा भाजलेल्या जखमांवरच्या मलमाचं पेटंट आलं. एका रसायनतज्ज्ञ बाईंनी बारा वर्षं खपून ते मलम तयार केलं होतं. मुलीने एकटीने केलेला हा पहिलाच अनुवाद. मूळ मजकुरात 'निर्जल'च्या आधी एक चकवा देणारा शब्द होता. तिने मला विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, 'पूर्णतः'. तिने तसंच लिहिलं.

पाकीट चिकटवून झालं. तीनच्या आत ते पेटंट कार्यालयात द्यायचं होतं. बाबा सहज कच्ची प्रत चाळत होते, ते थबकले.

"अगं, खाली कृती दिलीय बघ. शंभर भागांत अर्धा भाग पाणी."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे बाईंचं स्वतःचंच मलम..."

"त्यांच्याच हक्काबाहेर. उद्या कुणीही ते बनवेल आणि बाई बघत बसतील."

"पण कोशात तर..."

"कोश बिचारा काय करणार? त्याने हे मलम पाहिलंय कुठे! तू पाहिलंयस. बोल, काय लिहिशील?"

ती डोळे पुसत म्हणाली, "जवळजवळ निर्जल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, आणि रडत होती ती. बाबांनी पाकीट फाडलं, तिने पान पुन्हा टाइप केलं आणि ती पळतच जिना उतरली. तीनला पाच कमी असताना पोचली!

आता बाबा नाहीत. ताईचं काम संगणकावर चालतं. पडदा जरा उंच हवा म्हणून मी त्याच्याखाली असतो. सहा वर्षांत मला कुणी उघडलेलं नाही. रुसलो नाही मी. काम करताना ती पुटपुटते, थेट बाबांसारखी, तेवढं ऐकून बरं वाटतं.

एकच मागणं आहे, ताई. त्या दिवशी तू पाकीट घेऊन धावलीस ना, तेव्हा बाबांनी माझ्या त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं, "जवळजवळ. हा अर्थ माझ्या लेकीचा."

अक्षर फिकट होत चाललंय गं. एकदा उघड मला.