वरचा शाम्पू, खालचा शाम्पू

मी गाडी बोलतेय. एरवी माझ्या वतीने हॉर्न बोलतो, आणि त्याला ना काळवेळ ना रीतभात. म्हणून आज त्याला गप्प बसवून मीच तोंड उघडलं आहे.

माझा रंग गर्द निळा. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा या रंगाचा मला केवढा तोरा होता. पुढे कळलं की गर्द रंगाच्या पोटात काही राहत नाही. धुळीचं बोट असो, पाण्याचा थेंब असो, पाखराने केलेली घाण असो, सगळ्या गावाला दाखवून मोकळा होतो.

माझा पहिला मालक घरं-जागा दाखवणारा दलाल होता. गिऱ्हाईक यायचं असलं की तो मला कपडे धुवायच्या पावडरीने घासायचा, तेही भर उन्हात. फेस अंगावरच वाळायचा आणि माझ्या तोंडावर पांढरे ओघळ राहायचे. त्या पावडरीने माझी वरची चकाकी कधी नेली ते मला कळलंही नाही. त्याने मला विकलं तेव्हा वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

नव्या घरात माणसं तीनच. घरातली सगळी नाती आप्पांपासून मोजायची, म्हणून मीही बाकीच्या दोघांना लेक आणि जावई असंच म्हणते. लेक दातांची डॉक्टर. बुटकी, चपळ आणि फटकळ. जावई विमा कंपनीत. तो इतका उंच की माझ्यात बसताना आधी डोकं आत घ्यावं लागतं आणि मग सवडीने बाकीचा माणूस.

आप्पा घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून त्यांनी मोहरीएवढी चाकं बसवली. मग डोळ्यांनीच दगा दिला. त्यांनी दुरुस्त केलेलं एक घड्याळ दुसऱ्या घड्याळजीला पुन्हा उघडावं लागलं, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी दुकान बंद केलं. नंतर ते दिवसभर खिडकीत बसायचे. खिडकीतून त्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी बसायचे. जेवण अर्ध्यावर आलं आणि बोलणं त्याहून कमी झालं.

एक दिवस लेकीने त्यांच्यापुढे बादली आणून ठेवली. "आप्पा, गाडीचं आता तुम्ही बघा. आम्हा दोघांना वेळच होत नाही."

वेळ चिक्कार होता. रविवारी दोघं सकाळी उशिरापर्यंत लोळत पडायची, हे मी अंगणातून ऐकत असे. पण आप्पा उठले ते उठलेच. त्या दिवसापासून त्यांना पुन्हा भूक लागायला लागली.

रविवारी अंगणात सावली असेपर्यंत ते मला धुवायचे. त्याला धुणं म्हणायचं नाही, सर्व्हिसिंग म्हणायचं. बादलीत पाणी, त्यात झाकणभर शाम्पू. आधी टप, मग काचा, मग दारं, आणि शेवटी स्टूल टाकून चारही चाकं. चाकांना दात घासायचा जुना ब्रश. काम अगदी मन लावून व्हायचं, पण टपाच्या मधोमध धुळीचा भलामोठा पट्टा तसाच राहायचा आणि दारांच्या खालच्या अंगाला चिखल. एकदा पाखराने माझ्या बॉनेटवर घाण केली होती. आप्पांना वाटलं, उन्हाचा कवडसा पडलाय. त्यांनी त्या कवडशाच्या कडेकडेने मोठ्या मायेने फडका फिरवला.

आता यातली गंमत ऐका. सोमवारी मला लेक घेऊन जायची. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत मला उभी करून ती हातमोजे चढवायची आणि ओल्या कापसाने माझी दारं पुसायची. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. "आप्पांना वाकायला होत नाही, दुसरं काय. पण नवऱ्याला कळता कामा नये, नाहीतर म्हणेल गाडी बाहेर धुवायला देऊ, आणि आप्पा पुन्हा खिडकीत." माझा टप मात्र तिने कधी पाहिलाच नाही, तिची उंचीच तेवढी.

मंगळवार जावयाचा. त्याने स्टेपनीखाली शाम्पूची एक बाटली दडवून ठेवली होती. ऑफिसच्या तळघरात चौकीदाराकडून बादली मागून तो माझा टप धुवायचा. "सासऱ्यांचा हात वर पुरत नाही हो," तो चौकीदाराला सांगायचा. "त्यांना सांगायची सोय नाही, आणि बायकोला सांगितलं तर ती मलाच खाईल." दारांकडे तो ढुंकूनही बघत नसे. बघून काय करणार, ती स्वच्छच असायची.

म्हणजे आठवड्यातून मला तीनदा अंघोळ, आणि तिघांत कुणाचा कुणाला पत्ता नाही. माझी हरकत नव्हती. चांगलं चाललेलं असताना आपण मध्ये तोंड घालू नये.

गाडं अडलं ते शाम्पूवर. आप्पांना दर रविवारसाठी एकच, पारखून घेतलेला शाम्पू हवा होता. मंगळवारी संध्याकाळी ते निकाल बघायला यायचे. डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून माझ्या अंगावरून तळवा फिरवायचे. खरखर लागली की शाम्पू नापास. पहिला हिरवा शाम्पू, लिंबाच्या वासाचा, खरं तर गुणी होता बिचारा. पण त्याच आठवड्यात लेक आणि जावई दोघंही तापाने पडले आणि मी अंगणातून हललेच नाही. तळव्याला खरखर लागली. हिरवा नापास झाला. टाकून कसा द्यायचा, म्हणून तो चाकांच्या वाट्याला गेला. आप्पा तो पाणी न घालता, तसाच ब्रशवर घ्यायचे.

मग स्वारी दुकानात. गाडीच्या सामानाचं ते दुकान अगदी रस्त्याच्या कडेला, मी दाराशी उभी राहिले की आतलं सगळं ऐकू येतं. दुकानदार बाटल्या पुढे करायचा. आप्पा झाकण उघडून वास घ्यायचे, एक थेंब चिमटीत चोळून बघायचे. एक पिवळी बाटली त्यांनी नाकाशी नेली आणि लगेच परत केली.

"सडकी केळी," ते म्हणाले. "असला वास लावून गाडी चारचौघांत न्यायची कशी?"

माझी तर बोबडीच वळली. स्टेपनीखालची बाटली नेमकी तीच होती.

त्यांनी गुलाबी शाम्पू घेतला. त्या आठवड्यात लेक आणि जावई दोघांनी आपापली कामं चोख केली. आप्पांचा तळवा टपापासून खालपर्यंत कुठेही अडखळला नाही. गुलाबी पहिल्या वर्गात पास. खरं सांगू? भिकार शाम्पू होता तो, काचांवर पट्टे सोडायचा. पुढच्याच आठवड्यात जावई कामासाठी बाहेरगावी गेला आणि टप तसाच राहिला. आप्पा पुन्हा दुकानात हजर.

"हा खालच्यासाठी उत्तम आहे," ते म्हणाले. "आता वरचा द्या."

"वरचा म्हणजे?"

"टपाचा शाम्पू."

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आप्पा, शाम्पूला वरचं-खालचं कळत नाही हो."

"तुम्हाला कळत नसेल. मी तपासून बोलतोय."

आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हा दुकानदाराचा बाणा. त्याने निळा दिला. मग त्या आठवड्यात नेमकी लेकीच्या दवाखान्यात गर्दी झाली, जावयाने मात्र टप लखलखीत केला. निळा वर पास, गुलाबी खाली नापास. पुढच्या रविवारी गुलाबी वर चढला आणि निळा खाली उतरला. पायरीवर बाटल्यांची रांग लागली. आप्पा जेवताना फक्त शाम्पूवर बोलायचे, आणि लेक-जावई ताटात बघून माना डोलवायचे. पण आप्पा बोलत होते, पोटभर जेवत होते, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती.

आप्पांच्या नाकाचा विचार मात्र कुणी केला नव्हता. एका मंगळवारी तळवा फिरवता फिरवता ते दाराशी थांबले. मग वाकले. कंबर छान वाकत होती, लेकीने बघायला हवं होतं. दाराला लवंगेचा वास येत होता, दातांच्या औषधाचा. मग स्टूल ओढून ते वर चढले आणि टपाला नाक लावलं. टपाला सडक्या केळ्यांचा वास होता. आप्पांनी पुन्हा एकदा हुंगून खात्री केली. मग खाली उतरले, बादली उपडी घातली आणि आत निघून गेले. मला रडावंसं वाटलं, पण माझ्याजवळ काच पुसायचं पाणी तेवढं असतं, आणि ते उडवायचंही बटण दुसऱ्याच्या हातात.

रविवारी आप्पा खिडकीत बसले. अंगणातली सावली सरली तरी उठले नाहीत. लेक बाहेर आली, मागोमाग जावई.

"आप्पा, आज सर्व्हिसिंग नाही?"

"तू दारं पुसतेस, जावईबापू टप धुतात. मी मध्ये कशाला?"

लेक नवऱ्याकडे वळली. "तू टप धुतोस?"

"आणि तू दारं पुसतेस?"

"मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू सांगितलंस का मला?"

भांडण रंगात येणार तेवढ्यात खिडकीतून आप्पा बोलले. आवाज अगदी शांत होता. "भांडू नका रे. खुळा मीच. शाम्पूच्या परीक्षा घेत बसलो. मला वाटत होतं, अजून माझ्या हातून एखादं काम नीट होतंय."

लेकीचा फटकळपणा कुठे पळाला कोण जाणे. सासऱ्यांपुढे 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडे कधी न गेलेला जावईच शेवटी पुढे झाला.

"आप्पा, चाकांना मी कधी हात लावला नाही."

"मीसुद्धा नाही," लेक म्हणाली.

"आता माझी समजूत काढू नका."

"समजूत नाही काढत. गरजच पडली नाही कधी. खोटं वाटत असेल तर या आणि वास घ्या," जावई म्हणाला.

आप्पा आले. स्टूल टाकून पुढच्या चाकाशी बसले आणि बोटांनी नटांच्या खोबणी चाचपू लागले. मागच्या रविवारचा शाम्पू तिथे वाळून बसला होता. नंतर कुणी पाण्याचा हात फिरवला असता तर तो राहिला नसता. आप्पांनी नखाने तो उकरला, चिमटीत चोळला आणि नाकाशी नेला. लिंबू. निव्वळ लिंबू.

ते उठून दुसऱ्या चाकाशी गेले. मग तिसऱ्या. घड्याळजी माणूस, एका चाकावर थोडाच विश्वास ठेवणार. चौथ्या चाकापाशी त्यांना उठवेना, तेव्हा जावयाने हात दिला. उठल्यावरही आप्पांनी तो हात लवकर सोडला नाही. लेक डोळे पुसत होती, तेही कापसाने.

"जावईबापू, ती सडकी केळी कुठे लपवलीत, ती काढा," आप्पा म्हणाले.

जावयाने मान खाली घालून स्टेपनीखालून पिवळी बाटली काढली. आप्पांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"याने टप निघतो?"

"चांगला निघतो."

"मग हाच. एका गाडीला तीन वास नकोत. टप तुम्ही धुवायचा, दारं हिने. आणि चाकांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

तर असा आमचा शाम्पू ठरला. आता रविवारी तिघं मिळून मला धुतात, लोळणं बंद झालं आहे. शेजारची पांढरी गाडी माझ्या वासाला नाक मुरडते. मुरडू दे.

रस्त्यात कधी माझी गाठ पडली तर एक विनंती आहे. टपाकडे बघू नका, जावई घाईत असतो. दारांना कापसाचे धागे चिकटले असतील, तिकडेही काणाडोळा करा. जरा खाली वाकून माझी चाकं बघा, आणि जे काही चांगलं वाटेल ते मोठ्याने बोला. आप्पा पुढच्या सीटवर बसलेले असतात, आणि त्यांचे कान अजून चांगले आहेत.