नऊ नंबरची बाई

प्राध्यापक मोरॅग लेडलॉ यांचं उभं आयुष्य एचआयव्हीच्या अभ्यासात गेलं. आधी लीथ या बंदरभागातले अंधारे जिने चढून दारोदार रुग्णांच्या मुलाखती, मग एडिनबरात समाजकार्याच्या मुलांना तेच शिकवणं. आज दुपारी दोनला त्यांचं निवृत्तीआधीचं शेवटचं व्याख्यान होतं. विभागप्रमुखांपासून सगळे येणार होते. आणि सकाळी फोन वाजला.

"तुमच्या अभ्यासातली नऊ नंबरची बाई," पलीकडून खणखणीत आवाज आला, "ती मेली असं दरवर्षी पोरांना सांगता ना?"

"माफ करा, अभ्यासातल्या कुणाबद्दलही मी काही बोलू शकत नाही," मोरॅगबाई सवयीने म्हणाल्या.

"अगं बये, कुणाबद्दल कसलं? ती मीच! सेन्गा! माझी नात इओना तुझ्याच वर्गात आहे. परवा रडत घरी आली. म्हणे, एका बाईने मरायच्या आधी घरातली सगळी दारं पिवळी रंगवली. म्हटलं, ती दारं मी रंगवलीत, आणि मी तर इथे बटाटे सोलत बसलेय!"

मोरॅगबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि तशाच उठल्या.

"जिवंत आहेस? खरंच? औषधं घेतेस?"

"रोज एक गोळी. तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे. दोनला येतेय मी. मला कसं मारतेस ते ऐकायचंय."

फोन ठेवून बाई खोलीभर अक्षरशः नाचल्या. सेन्गा जिवंत! मग एकदम थांबल्या. चौऱ्याण्णव साली दोन पत्रं परत आली होती, कितीदा जाऊनही दार बंदच होतं. त्या दिवसांत इतकी माणसं जात होती की जो दिसेनासा झाला तो गेलाच, असं त्यांनी धरलं. आणखी कुठेही चौकशी न करता नऊ नंबरपुढे 'मृत' लिहिलं. त्याच मृत्यूवर त्यांचा गाजलेला लेख उभा होता. तीस वर्षं त्याच गोष्टीला वर्गात रुमाल निघत होते. आता भरसभेत ते खोटं होतं म्हणायचं? नऊ नंबर गाळून पुढे गेलं तर कुणाला कळणार होतं? एक कप चहा संपेपर्यंत त्यांनी हा विचार केला, हेही सांगितलं पाहिजे.

दोन वाजता सभागृह गच्च भरलं. मागच्या रांगेत लाल कोटातली एक बाई हाताची घडी घालून बसली होती. मोरॅगबाईंनी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. कुणाचं गुपित आपण फोडायचं नसतं.

"नऊ नंबरची बाई वारली, असं मी तीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "ते चूक होतं. मी विचारलंच नाही. गृहीत धरलं आणि लिहून टाकलं. लेखही चुकला, मीही चुकले."

विभागप्रमुख खोकले. लाल कोट उठून उभा राहिला.

"मीच ती," सेन्गा म्हणाली.

मग जो गलका झाला! पोरं बाकांवर चढली, शिट्ट्या वाजल्या. मोरॅगबाई धावत गेल्या आणि तिला घट्ट मिठी मारली. पण संशोधकाची खोड कुठे जाते?

"मी सात वेळा आले होते गं. दार का उघडलं नाहीस?"

"आतच होते मी. पडद्याआडून बघत होते." सेन्गाचा आवाज खाली आला. "तू भली होतीस. पण तू समोर बसलीस की तुझ्या डोळ्यांत मला माझं मयत दिसायचं. तू गेल्यावर दोन-दोन दिवस मी अंथरुणातून उठायची नाही. मला जगायचं होतं, म्हणून नाही उघडलं."

मोरॅगबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तरी छाती धडधडत होती ती आनंदाने. एवढ्या वर्षांत इतकं खरं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी माईक सेन्गाच्या हातात दिला. पहिल्या बाकावर इओनाला थोडं सरकायला लावलं, तिच्याकडून वही आणि पेन मागून घेतलं आणि पोरांमध्ये बसल्या.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून. सावकाश."