सुकुयाचे तांदूळ

आयरिस बॅप्टिस्टने आयुष्यात बावीस ग्रह वसवले होते. वाचक मात्र त्यांतल्या एकावरही फारसा उतरला नव्हता. त्रिनिदादमध्ये आजीच्या तोंडून भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेली ही बाई विसाव्या वर्षी न्यू जर्सीत आली, एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात चिकटली आणि पुढची सव्वीस वर्षं लंच-ब्रेकमध्ये आजीची भुतं अंतराळयानात बसवून रवाना करत राहिली. मासिकांत अकरा गोष्टी छापून आल्या. त्यांतली दोन मासिकं लगेच बंद पडली. आयरिस त्याचा संबंध स्वतःशी लावत नसे, पण ठामपणे नाकारतही नसे.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत तिची पहिली कादंबरी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाच्या टेबलावर पोचली. संपादक व्हिटलॉक फोनवर म्हणाला, "लिहिलंय झकास. पण हे वाचणार कोण? रविवारी लायब्ररीत तुमचं वाचन आहे ना? येतो मी. माणसं बघतो, मग ठरवतो."

आयरिसने मनातल्या मनात माणसं मोजली. मागच्या वाचनाला तीन माणसं होती. एक ग्रंथपाल, एक हीटरजवळ ऊब घ्यायला आलेले आजोबा, आणि तिसरी हॉस्पिटलात तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी नंदा काळसेकर.

ही नंदा जवळच्या आयसेलिन गावातल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. शुक्रवारी तीच तोंड पाडून आली. "संक्रांतीचा कार्यक्रम आहे, आणि आमचे प्रोफेसर शिकागोत बर्फात अडकले. दीडशे माणसं आहेत, वक्ता नाही. तुझ्याकडे वक्ता आहे, माणसं नाहीत. यार, यात विचार काय करायचा?"

"पण ते ऐकतील?"

"ऐकतील की नाही देव जाणे. उठून मात्र कोणी जाणार नाही. त्याची सोय आहे."

व्हिटलॉकला नवीन पत्ता कळवला. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आयरिसच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला. नारळाच्या झाडाखाली बालपण गेलेल्या बाईने तो हलवून, पाण्याचा आवाज ऐकून पसंतीची मान डोलावली. पुढच्या रांगेतल्या बायकांचं तिथेच तिच्याविषयी चांगलं मत झालं. मागच्या खुर्चीत व्हिटलॉक कोट न काढता बसला होता.

आयरिस वाचू लागली. सुकुया नावाची म्हातारी रात्री अंगावरचं कातडं उतरवून उखळात ठेवते आणि आगीचा गोळा होऊन रक्त प्यायला निघते. तिला अडवायचं तर दारात तांदूळ टाकायचे. दाणा न् दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. कादंबरीत यानातले लोक तसेच तांदूळ फेकतात, पण अंतराळात ते खाली पडतच नाहीत. तरंगत राहतात. सुकुया मोजतेय, मोजतेय.

नंदाच्या सासूबाई, गिरजाबाई, वेंगुर्ल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नंदा कानात सांगत होती. कान अधू असल्याने ते हॉलभर ऐकू जात होतं.

"कातडं उखळात? बरोबर आहे," गिरजाबाई म्हणाल्या. "पण नंदा, विचार तिला, तांदूळ नुसते मोजते? निवडत नाही?"

"आई, भूत आहे ती."

"म्हणून काय झालं? बाई आहे ना? खडे काढल्याशिवाय कशी मोजेल?"

हॉल हसला. नंदाने भाषांतर केल्यावर आयरिस एक क्षण उशिरा, पण सगळ्यांत जास्त हसली. मग इंजिनियर विष्णूकाका उभे राहून खडे तरंगले तर ओळखायचे कसे हे विचारू लागले, त्यांची मुलगी "डॅड, सिट डाउन" म्हणाली, आणि वाद सव्वा तास चालला. एकही माणूस हलला नाही.

व्हिटलॉक स्टेजजवळ आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "असे श्रोते मी पाहिले नाहीत." मग त्याने स्टेजमागच्या फळ्यावरच्या मराठी अक्षरांकडे बोट केलं. "त्यावर काय लिहिलंय?"

आयरिसने ते सकाळीच नंदाकडून जाणून घेतलं होतं. "कवितेची ओळ आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आजीने तिला भुतांबद्दल काहीही सांगायची मुभा दिली होती, माणसांबद्दल नाही.

"जेवण व्याख्यानानंतर," ती म्हणाली.

व्हिटलॉकचा चेहरा उतरला. एव्हाना हॉल खरंच रिकामा झाला होता. मसालेभाताच्या वासामागे दीडशे माणसं गेली होती. फक्त पहिल्या रांगेत गिरजाबाई तशाच बसून होत्या.

"आई, चला, गुळपोळ्या संपतील."

"संपू देत. ती बाई तिकडे तरंगतेय आणि मी जेवू? आधी विचार, मोजून झाले का तांदूळ."

"काय म्हणताहेत त्या?" व्हिटलॉकने विचारलं. नंदाने सांगितलं. त्याने गिरजाबाईंकडे पाहिलं आणि एकदाचा कोट काढला. "शेवट सांगू नका," तो आयरिसला म्हणाला. "त्यांना छापून पाठवू. आणि ते खडे आत घाला."

पुढच्या वर्षी पुस्तक वेंगुर्ल्याला पोचलं. गिरजाबाईंना त्यातलं एकही अक्षर वाचता आलं नाही. शेवट त्यांनी शाळामास्तरांकडून वाचून घेतला आणि जिथे खडे आले होते त्या एकशे बाराव्या पानावर खूण घातली. अजूनही कोणी घरी आलं की त्या ते पान उघडून दाखवतात. "ही भुतीण तांदूळ न निवडता मोजायला बसली होती," त्या म्हणतात. "मी होते म्हणून."