परत पाठवायचा भाग

त्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिले नाही. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवले होते. एरवी रोज लागणारा तो खंड मी अकरा महिने कपाटातून काढला नव्हता, यावरून पत्र कुठे आहे हे मला पक्के माहीत होते असे समजायला हरकत नाही.

पत्र इस्पितळाचे होते. मधुमेहाच्या रुग्णांचे डोळे तपासणारे तज्ज्ञ तिथे महिन्यातून दोनदा येतात. माझी भेट आधी तीन वेळा पुढे गेली होती, ही चौथ्यांदा दिलेली तारीख. छापील मजकुराखाली तुटक रेघ आणि रेघेखाली फाडून परत पाठवायचा भाग: आपल्याला भेटीची अद्याप आवश्यकता आहे का? हो किंवा नाही. तीन आठवड्यांत उत्तर न आल्यास आवश्यकता नाही असे समजून नाव यादीतून कमी करण्यात येईल.

यात न कळण्यासारखे काही नव्हते. 'हो'पुढे खूण करायची, पाकिटात घालायचे, पोस्टात टाकायचे. पण मी अडतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत. छापलेला कागद समोर आला की हात माझ्या आधी निघतो. पत्र वाचता वाचता मी तांबडे पेन उचलले. एक वाक्य दोनदा छापले होते, दुसरे खोडले. तारखेपुढे गुरुवार होता, कॅलेंडरात त्या दिवशी मंगळवार. ते दुरुस्त केले. खालच्या भागातली 'हो'ची चौकट तिरकी बसली होती. ती सरळ करावी अशी समासात खूण केली. शेवटी सवयीने कोपऱ्यात 'तपासले' असे लिहून सहीसुद्धा केली. मग भानावर आलो.

आता तो कागद परत कसा पाठवायचा? ज्यांच्या दाराशी आपण डोळे घेऊन जाणार, त्यांच्याच चुका तांबड्या शाईत त्यांच्यापुढे ठेवायच्या, हे मला जमेना. दुसरा कागद मागावा तर कारण सांगावे लागणार. मी एक सविस्तर पत्र लिहायला घेतले. पहिला खर्डा लाचार वाटला, दुसरा आढ्यताखोर. सहाव्या खर्ड्यापर्यंत तीन आठवडे उलटून गेले. शिवाय त्या भागात आणखी एक रकाना होता, जवळच्या नातेवाइकाचा फोन आणि नाते. रकाना मोकळा ठेवणे माझ्यातल्या तपासनिसाला पटत नव्हते आणि भरायला कुणी नव्हते.

खरे तर मनात आणखी एक गोष्ट होती. 'आवश्यकता आहे का' या प्रश्नाला मी प्रामाणिकपणे हो म्हणू शकतो का? माझ्याहून गरजू माणसे असतील. मला दिसत तर होते.

भेटीचा दिवस मला आवडायचा, हे कबूल करायला संकोच वाटतो. आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री, पिशवीत फाइल, साखरेच्या आकड्यांची वही, चक्कर आली तर म्हणून दोन बिस्किटे. तीन वेळा मी असा तयार होऊन गेलो आणि तीनही वेळा दारावर कागद चिकटवलेला होता. पण परत फिरण्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर तासभर बसता यायचे. तिथे ड्रायव्हरसाहेब भेटायचे. बस चालवून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. मी उभ्या आयुष्यात कुणाला शिकवले नाही, तरी ते मला मास्तर म्हणत.

"मास्तर, आजही गाडी रद्द," ते म्हणायचे. "आमच्या डेपोत असं झालं असतं तर पॅसेंजरनी काचा फोडल्या असत्या. इथे आपण थँक्यू म्हणून घरी जातो."

"त्यांचीही काही अडचण असेल."

"तुमच्यासारखे पॅसेंजर मिळाले असते ना, तर मी अजून चार वर्षं नोकरी केली असती."

महिन्याभरात माझ्याशी इतके बोलणारे दुसरे कुणी नव्हते. नाव यादीतून गेले तसा बाकही गेला. तारीख नसताना तिथे काय सांगून बसायचे?

घरी मी नेमाने वागत होतो. बोट टोचून साखर पाहायची, वहीत आकडा लिहायचा, मोजके जेवायचे, संध्याकाळी जिन्याची दोनदा चढउतार. ती वही कुणी पाहणार नव्हते, तरी अक्षर चांगले काढत होतो.

छापखाना आता जुन्या मालकांचा मुलगा बघतो. तो मला काका म्हणतो आणि वर्षातून एकदोन पुस्तके तपासायला पाठवतो. बहुधा माझे मन राखायला. गेल्या महिन्यात मी दोनशे पानांचा गठ्ठा तपासून दिला. चौथ्या दिवशी तो स्वतः घरी आला. खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"मी कधी रागावलोय?"

"तेच तर. रागावत असतात तर विचारायला सोपं गेलं असतं." त्याने गठ्ठा सोडला. "हे बघा. पान बारा, शाईचा डाग. चौदा, डाग. एकवीसवर तर तीन. मी मशीन दोनदा साफ करून घेतलं. ऑपरेटर म्हणतो, साहेब, तुम्हीच शोधून दाखवा. काका, डाग आहे कुठे?"

मी पान हातात घेतले. तांबड्या वर्तुळात डाग होता. नजर समासाकडे नेली. डागही समासात आला. वर पाहिले. भिंतीवर होता. त्याच्या शर्टावर होता, बरोबर दुसऱ्या गुंडीजवळ.

"पानावर नाही," मी म्हणालो.

त्याने पान माझ्या हातातून परत घेतले. "बाकी काम नेहमीसारखंच आहे. फक्त दोन ओळी सुटल्यात. तुमच्याकडून कधी..." त्याने वाक्य सोडून दिले. "डोळे दाखवलेत का?"

"तारीख मिळायची आहे."

"मग तोवर राहू दे, काका. पुढच्या पुस्तकाचं नंतर बघू."

त्याने गठ्ठा पुन्हा बांधला. माझे तांबडे पेन खाली पडले होते, ते उचलून माझ्या खिशाला लावले आणि गेला. पुस्तकाची शेवटची बत्तीस पाने अजून माझ्याकडे यायची होती. ती आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहिले.

"आजोबा, तुमचं नाव नाहीये. पत्राला उत्तरच आलं नव्हतं."

"हो. चूक माझीच."

तिने मान वर केली. तिला बहुधा भांडणाची सवय असावी. "नवीन नाव घातलं तर वर्ष लागेल. जुना कागद आहे का तुमच्याकडे? खालचा भाग भरून, उशिराचं कारण लिहून पाठवलात तर जुन्याच नंबरवर धरतात. मग पुढच्या महिन्यात होऊन जाईल. पण तोच कागद हवा, नंबर त्यावर असतो. आणि पोस्टाने पाठवा. मी इथे घेतला तर मलाच बोलणी बसतात."

"त्या कागदावर थोडं लिहिलं गेलंय."

"चहा सांडलेले पण येतात, आजोबा. पाठवून द्या."

परतताना दुसऱ्या मजल्यावर डोकावलो. बाकावर ड्रायव्हरसाहेब होते, शेजारी त्यांची सून. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी ते माझ्या खांद्यापलीकडे पाहत राहिले.

"कसे आहात?" मी विचारले.

"कोण, मास्तर?" त्यांनी हात पुढे केला. तो जरा बाजूला गेला. मी सरकून धरला. "होता कुठे? मला वाटलं, शेवटच्या स्टॉपवर उतरलात."

"नाव कमी झालं. पत्राला उत्तर दिलं नाही."

"मी प्रत्येक पत्राला दिलं. तरी सहा वेळा गाडी रद्द. सातव्यांदा डॉक्टर भेटले, तर म्हणे आधी यायला हवं होतं. म्हटलं, साहेब, मी स्टॉपवरच उभा होतो की."

सून हळूच म्हणाली, "डावा गेला. उजवा वाचेल म्हणतात. आज त्याचं लेझर आहे."

"पण तुम्ही उत्तर का नाही दिलंत?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. तांबडे पेन, तिरकी चौकट, कोपऱ्यातली सही, सहा खर्डे. सुनेला हसू आवरेना. ड्रायव्हरसाहेब हसले नाहीत.

"मास्तर, समोरून ट्रक येतोय आणि तुम्ही त्याची नंबरप्लेट वाकडी आहे म्हणून बघत बसलात."

"त्यात नातेवाइकाचा पण रकाना आहे," मी म्हणालो.

"मग? सूनबाई, आपला नंबर दे यांना."

तिने पिशवीतून बिल काढून त्याच्या मागे नंबर लिहून दिला. मोठे आकडे, नीट अंतर सोडून. घरात तसे लिहायची सवय झाली असावी.

"नातं काय लिहू?" मी विचारले.

"लिहा, एकाच गाडीची वाट बघणारे."

आतून त्यांचे नाव पुकारले. ते उठले, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीच्या कडेकडेने गेले. मी त्यांच्या रिकाम्या जागेशेजारी थोडा वेळ बसलो.

घरी आल्यावर शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्र होते. वाचायला मान तिरकी करावी लागली, कारण सरळ पाहिले की डाग नेमका शब्दावर बसायचा. फोनच्या रकान्यात नंबर लिहिला. ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलेले नाते तिथे मावत नव्हते, म्हणून 'स्नेही' लिहिले. लिहिल्यावर आगाऊपणा केल्यासारखे वाटले, पण खोडले नाही. 'हो'पुढे खूण केली, त्या तिरक्या चौकटीतच. उशिराचे कारण मात्र कुठे लिहावे ते छापलेले नव्हते. समासात जागा होती. तिथे एकच शब्द लिहिला: भीड.

लिहिलेले दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय हातावेगळे करायचे नाही, हा माझा अडतीस वर्षांचा नेम. मी वाचले नाही. पाकीट बंद केले.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे. तिच्या तोंडाशी नेमका डाग आला. मी बोटांनी कड चाचपली, पाकीट आत सरकवले आणि ते तळाला टेकल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.