सत्तेचाळिसावं मत

"ते सेनेटर 'मनापासून विचार करतो' म्हणाले ना? म्हणजे नाहीच म्हणाले," लिओरा यादीवरून नजर न उचलता म्हणाली.

केसलरसाहेबांचा चेहरा पडला. पक्षाचे मुख्य सचिव ते, पण माणूस भाबडा. कोणी हसून हात मिळवला, की त्याचं नाव लगेच होकाराच्या रकान्यात! लिओरा सेनेटच्या या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं मतं मोजत होती. तिचा आकडा कधी चुकला नव्हता.

"मग आपला अणुचाचणीबंदी करार कुठवर आलाय?"

"सेहेचाळीस. शंभरात दोन तृतीयांश, म्हणजे सदुसष्ट लागतात, आणि मतदान आज दुपारी चारला आहे."

"अगं, जरा वाढवून सांग की!"

"साहेब, मतं काय घरून विणून आणू?"

तेवढ्यात घेवड्याचं सूप ओरपून सेनेटर थॉर्ली आत डोकावले. विरोधी पक्षाचे, पण लिओराच्याच युटाहमधल्या खोऱ्यातले; त्यामुळे त्यांची रोजची फेरी ठरलेली.

"काय गं, मला कुठे घातलंस?"

"नकारात."

"मी अजून कोणाला काही बोललेलो नाही!"

"परवापासून माझ्या केसांचं कौतुक चाललंय. नकार द्यायचा असला की तुम्ही असेच गोड होता."

थॉर्ली पोट धरधरून हसले. मोजणाऱ्याने मागायचं नसतं, हा तिथला अलिखित नियम. लिओराने तो इतकी वर्षं पाळला होता. आज मात्र तिची जीभ ऐकेना.

"साहेब, होय म्हणा. माझ्या बाबांसाठी."

थॉर्लींचं हसू मावळलं. नेवाडातल्या अणुस्फोटांची राख त्या खोऱ्यात उतरायची, तेव्हा तिचा बाप ओरव्हल ब्रिंगहर्स्ट उघड्यावर मेंढ्या राखत होता. आधी मेंढ्या गेल्या, मग चव्वेचाळिसाव्या वर्षी तो.

"लिओरा, माझ्या एका मताने करार तरत नाही. वर माझाच पक्ष मला सोलून काढेल."

"ठाऊक आहे. आकडा मीच काढलाय."

ते निघून गेले. लिओराने त्यांचं नाव नकारातच राहू दिलं. उगाच आशा धरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

चारला नावं पुकारली जाऊ लागली. थॉर्लींचं नाव आलं. ते सावकाश उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "होय." त्यांच्या बाकांवर एकदम कुजबुज उठली.

"चुकलीस! पहिल्यांदा चुकलीस!" केसलरसाहेब करार मंजूर झाल्यासारखे नाचले. करार वीस मतांनी पडला होता. लिओराला हसू आणि रडू एकदमच आलं.

तिने घरी आईला फोन लावला.

"पडला, आई."

"वाटलंच होतं. आपल्याकडचं कोणी होय म्हणालं?"

"थॉर्ली."

"तो? आपल्या झाडाची सफरचंदं चोरणारा?" म्हातारी खुदखुदली. मग तिने विचारलं, "तुझ्या बाबांचं नाव घेतलं का गं तिथे कोणी?"

"हो आई. मी घेतलं."

"बरं केलंस," आई म्हणाली.