भागीबाईची पाटी

मित्रांनो, मी एक जुना विभाग आहे. शाळेचा नाही आणि सरकारी कचेरीचा तर मुळीच नाही. नाशिक रोडला राहणाऱ्या सुवर्णाताई इंटरनेटवर स्वयंपाकाचा ब्लॉग लिहितात. ब्लॉग म्हणजे कोणालाही उघडून वाचता येईल अशी वही, आणि विभाग म्हणजे त्या वहीतला एक कप्पा. माझ्या कपाळावर नाव लिहिलं आहे, 'भागीबाईची पाटी'.

भागीबाई पेठ तालुक्यातल्या डोंगराकडून एसटीने यायच्या आणि बाजारात कोपऱ्यावर बसायच्या. त्यांच्या पाटीत सगळ्या रानातल्या भाज्या. कुरडू, टाकळा, करटोली आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवळं. शहरातली माणसं जुडी उचलायची, उलटीपालटी करून बघायची आणि विचारायची, "आजी, हे करायचं कसं?" भागीबाई सांगायच्या, पण ऐकणारा घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायचा. शेवळाचं तर मोठंच संकट! त्यात काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा असा खाजतो, की खाणारा पुन्हा त्या भाजीचं नाव काढत नाही.

सुवर्णाताई एक अख्खा पावसाळा भागीबाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. विचारून विचारून त्यांनी एकवीस लेख लिहिले आणि ते ठेवायला मला जन्म दिला. मग झेरॉक्सच्या दुकानातून एक कार्ड छापून आणलं, लॅमिनेशन करून. त्यावर तो काळा-पांढरा चौकोन होता. मोबाइल त्याच्यावर धरला की थेट माझं दार उघडायचं. भागीबाईंनी ते कार्ड सुतळीने पाटीला बांधलं.

काय सांगू तुम्हाला त्या तीन पावसाळ्यांचं! भागीबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऐट बघण्यासारखी होती. "कारडावर फोन धर ताई, समदं सांगतंय त्ये," असं म्हणायच्या. कोणाचाही फोन माझ्यावर उघडला की मला तेवढा वेळ बाजार ऐकू यायचा. त्यांचा तो आवाज ऐकून मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं, माझ्यावाचून या ब्लॉगचं पान हलत नाही.

पण ब्लॉगचा पसारा वाढत गेला. विभाग झाले त्रेचाळीस. 'उपवास' होता, 'उपवासाचे पदार्थ' होता, 'उपवास नवीन' पण होता. 'इतर' होता आणि 'इतर जुने'ही होता. वाचणारे हैराण व्हायचे. दिवाळीत सुवर्णाताईंची मुलगी रूपाली बंगळुरूहून माहेरी आली आणि तिने ती यादी बघून कपाळाला हात लावला.

"आई, हे काय बोहारणीचं बोचकं आहे? सहा विभाग ठेव. बाकीचे रिकामे कर."

दोघी मायलेकी फराळाचं ताट शेजारी घेऊन बसल्या. कोणत्या विभागात महिन्याभरात किती जण आले, ते बघायचं आणि कमी असेल तो मोकळा करायचा, असं ठरलं. माझ्यापुढे आकडा होता शून्य. अहो, दिवाळीत शेवळं कुठून येणार? मी पावसाळ्यातला गडी! जूनचा आकडा बघा ना, मी जीव तोडून ओरडलो. कप्प्याचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

सुवर्णाताईंनी माझं नाव वाचलं. "अगं, हा भागीबाईंचा आहे."

"लेख कुठे चाललेत? 'भाज्या'त राहतील की," रूपाली म्हणाली.

तेही खरंच होतं. सुवर्णाताईंना भागीबाई आठवल्या, पण कार्ड आठवलं नाही. माझे एकवीस लेख 'भाज्या'त गेले, दोनशे लेखांच्या गर्दीत. ब्लॉग खरंच सुटसुटीत झाला, वाचकांनी कौतुक केलं. मी मात्र उरलो नावापुरता.

पुढच्या जूनमध्ये रूपालीचं बाळंतपण आलं. सुवर्णाताई तीन महिने बंगळुरूला गेल्या आणि इकडे बाजारात पहिला फोन कार्डावर धरला गेला. मी काय देणार? माझ्याकडे एकच वाक्य होतं, 'या विभागात काहीही नाही.'

"आजी, कोरं येतंय."

"थांब हां, मळ बसला आसंल," भागीबाई म्हणाल्या आणि पदराने कार्ड पुसलं. पुन्हा फोन, पुन्हा तेच वाक्य. त्या रोज पुसायच्या. मित्रांनो, त्या पुसण्याचा आवाज मी विसरू शकत नाही. मळ कार्डावर नव्हताच.

मग एक दिवस एक बाई शेवळं घेऊन गेली. भागीबाई म्हणाल्या होत्या, "काकडं बी घे," पण बाईला वाटलं, म्हातारी उगाच जास्तीचा माल गळ्यात मारते. दुसऱ्या दिवशी ती घसा धरून भांडायला आली. सगळ्यांसमोर फोन माझ्यावर उघडून ओरडली, "हे बघा, काही नाही यात! फसवता लोकांना!"  त्यानंतर कोणाचाच फोन माझ्यावर उघडला नाही.

या वर्षी जूनमध्ये अचानक माझं दार उघडलं. फोन सुवर्णाताईंचा होता! बाजारात भागीबाईंच्या शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या लताबाई त्यांना सांगत होत्या.

"भागी येत नाय आता. हे कारड देऊन गेली माझ्यापाशी. म्हणली, ताई आली तर दे, आन् सांग, माझ्या हातनं खराब झालं."

सुवर्णाताईंनी माझं ते एकच वाक्य वाचलं. मग लताबाईंना विचारलं,

"कुठल्या गावच्या त्या? फोन नंबर काही?"

"फोन नाय तिच्यापाशी. पेठकडचा कोनता तरी पाडा. नाव नाय ध्यानात."

घरी जाऊन त्यांनी एकवीसच्या एकवीस लेख माझ्यात परत आणले. दोन मिनिटांचं काम. मग एकेक लेख उघडून त्या गावाचं नाव शोधत बसल्या. तेल किती, मीठ किती, काकडं किती, सगळं लिहिलेलं आहे. गावाचं नाव एकातही नाही. 'पेठकडच्या भागीबाई', एवढंच.

मित्रांनो, आवराआवर जरूर करा. पसारा कोणाला आवडतो? पण कोणताही कप्पा रिकामा करण्याआधी, त्यात हात घालायला कोण येतं, ते एकदा आठवून बघा. आणि ज्याच्याकडून शिकलात, त्याचं गाव लिहून ठेवा.

कार्ड आता सुवर्णाताईंच्या टेबलाच्या खणात आहे, पदराने पुसून पुसून गुळगुळीत झालेलं. मी पहिल्यासारखा भरलेला आहे. पावसाळा चालू आहे आणि माझ्याकडे कोणी येत नाही.